विझणाऱ्या उजेडातील छबी

परभणी जिल्ह्यातील खेड्यांतून भाविकांच्या घरी जाणे होते तेव्हा दारातून आत पाऊल टाकताच आमची दृष्टी प्रथम समोरच्या भिंतीकडे वळते. मध्यभागी येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, तिच्या एका अंगाला पवित्र मरिया, दुसऱ्या अंगाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर, आणि त्यांच्या खाली प्लास्टिकच्या फुलांचे हार घातलेले घरचे दिवंगत. ही भिंत म्हणजे त्या घराचा लहानसा इतिहासच होय. परंतु या इतिहासातून एक पिढी बहुधा गाळलेली आढळते. १९७२ च्या दुष्काळात ज्या बायाबापड्यांनी रस्त्याच्या कडेला बसून खडी फोडली, डोक्यावर मातीच्या पाट्या वाहून पाझर तलावांचे बांध उभे केले, आणि सुकडीवर व लाल मिलोच्या भाकरीवर लेकरे जगवली, त्यांच्या तसबिरी आम्हास क्वचितच दिसल्या. छायाचित्र काढून घेणे ही त्यांच्या लेखी चैन होती. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या दरबाराचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्या काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आज जतन करून ठेवल्या आहेत. खडी फोडणाऱ्या बाईची छबी कोण जतन करून ठेवणार?

अशाच एका बाईच्या छबीची ही हकिकत आहे. तीत आमच्या हातून घडलेली एक चूकही आहे, आणि ती कबूल केल्यावाचून ही हकिकत सांगता येणार नाही.

मागील वर्षी मृत भाविकांच्या स्मरणदिनी, म्हणजे २ नोव्हेंबरला, आम्ही जिंतूर तालुक्यातील एका वाडीवर मिस्सा अर्पण करण्यास गेलो होतो. मिस्सा आटोपल्यावर एका घरचा थोरला मुलगा आम्हास आग्रहाने घरी घेऊन गेला. तो पुण्याकडे कारखान्यात नोकरीस आहे. दिवाळीच्या सुटीत आला होता. भिंतीवर नवी कोरी, सोनेरी चौकटीची तसबीर टांगली होती. “फादर, ही माझी आजी. आईची आई. हिच्यावर आशीर्वादाचे पाणी शिंपडा,” तो म्हणाला. तसबिरीतील बाई साठीची, गोरटेली, नितळ चेहऱ्याची, काठापदराच्या साडीत मंद हसणारी होती. आम्ही प्रार्थना म्हटली, पवित्र पाणी शिंपडले आणि तसबिरीची मनापासून स्तुती केली.

मुलाची आई उंबऱ्याशी बसून होती. वय साठीच्या जवळपास. सारी वाडी तिला अक्का म्हणते. ती हळूच म्हणाली, “फादर, ही माझी माय न्हाई.”

आम्ही हसलो. “अक्का, लेकराने एवढ्या हौसेने आणली आहे. वय झाले म्हणजे चेहरे आठवेनासे होतात. नावे ठेवू नका.”

अक्का काही बोलली नाही. तिने पदर तोंडाला लावला आणि ती उठून आत गेली. आम्ही चहा घेतला आणि निघालो. वाटेत मोटारसायकलवर मागे बसलेल्या त्या मुलानेच आम्हास मोठ्या कौतुकाने सांगितले की आजीचे छायाचित्र मुळात कधी निघालेच नव्हते. नात्यातील एका वृद्धेचा चेहरा, आजीचे ऐकीव वर्णन आणि मोबाइलमधील एक नवे साधन यांच्या साहाय्याने त्याने ही तसबीर तयार करून घेतली होती. यंत्राला सांगितले की ते हवा तसा चेहरा घडवते, असे तो म्हणाला. त्याच्या मनात कपट नव्हते. आजीचा मान राखावा एवढाच त्याचा हेतू होता. पण आमच्या मनात मात्र काटा मोडून राहिला. जी बाई पृथ्वीतलावर कधी जन्मलीच नाही तिच्या छबीवर आम्ही आशीर्वाद उच्चारला होता, आणि जिने आपल्या आईचे दूध प्यायले होते तिला आम्ही, तुझ्या आईचा चेहरा तुला आठवत नाही, असे सुनावले होते.

यानंतर महिनाभराने, नाताळाच्या साफसफाईत, मिशनच्या जुन्या कपाटाच्या तळाशी बिस्किटांचा एक गंजलेला पत्र्याचा डबा सापडला. आमच्या कितीतरी आधी या भागात सेवा करून गेलेल्या एका धर्मगुरूंना छायाचित्रणाचा नाद होता. डब्यात बटर पेपरच्या पाकिटांतून एकशेवीस नंबरच्या कृष्णधवल फिल्मच्या चौकोनी निगेटिव्ह जपून ठेवल्या होत्या. कागदी छायाचित्र मात्र त्यात एकही नव्हते. प्रत्येक पाकिटावर शिसपेन्सिलीने गाव, काम आणि महिना लिहिलेला होता. एका पाकिटावर त्याच वाडीचे नाव होते; पुढे लिहिले होते, पाझर तलाव, मे १९७३.

ते पाकीट घेऊन आम्ही वाडीवर गेलो. अक्काने निगेटिव्ह दारातल्या उजेडासमोर धरली. उन्हात उभ्या असलेल्या चार बाया. पण साऱ्यांचे चेहरे काळे, केस पांढरे, आभाळ डांबरासारखे आणि डोळ्यांच्या जागी पांढरे ठिपके. “ही तर भुतं दिसत्यात, फादर,” ती म्हणाली. नाताळासाठी गावी आलेल्या तिच्या मुलाने चटकन मोबाइल काढला, निगेटिव्हचे चित्र घेतले आणि बोट फिरवताच ते उलटून सुलट केले. एवढ्यावर न थांबता त्या साधनाने चेहरे आपणहून उजळले, सुरकुत्या पुसल्या. अक्काने पडद्याकडे पाहिले आणि मान फिरवली. “ह्याच मशीननं ती बाई बी केली व्हती,” एवढेच ती म्हणाली.

तिच्या म्हणण्यात तथ्य होते. साक्षीदार एकदा खोटे बोलला की त्याच्या खऱ्या बोलण्यावरही विश्वास बसत नाही. मोबाइलने या वेळी पहिल्या टप्प्यात खरे तेच दाखवले होते, परंतु तिच्या लेखी त्याची साक्ष बाद झाली होती. आणि ती बाद होण्यास आमचाही हातभार लागला होता, कारण त्या खोट्या तसबिरीवर आम्हीच देवाच्या नावाची मोहोर उठवली होती.

त्या रात्री मिशनमध्ये परतल्यावर सेमिनरीतील एक प्रसंग आठवला. तत्त्वज्ञानाच्या वर्षांत आम्हास निसर्गाविषयीचे तत्त्वज्ञान शिकवणारे एक वृद्ध धर्मगुरू होते. त्यांचा विश्वास पुस्तकापेक्षा प्रयोगावर अधिक. एकदा त्यांनी वर्गाच्या खिडक्या बंद करवल्या, अंधारात हिरवट चमकणारी एक पाटी टेबलावर ठेवली आणि तिच्या अर्ध्या भागावर तांबड्या काचेतून दिव्याचा झोत सोडला. झोत काढून घेतल्यावर पाहतो तो काय, ज्या भागावर उजेड पडला होता तोच भाग अंधारला होता! उजेडाने उजेड विझतो हे पाहून आम्ही तरुण विद्यार्थी चकित झालो होतो.

या चमत्कारिक वाटणाऱ्या गोष्टीचा इतिहास चारशे वर्षांचा आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी इटलीतील बोलोन्या शहराजवळ विन्चेन्झो काशारोलो नावाच्या एका चांभाराला एक जड दगड सापडला. सोने करण्याच्या आशेने त्याने तो कोळशाबरोबर भाजला. सोने झाले नाही; पण उन्हात ठेवलेला तो दगड अंधारात निखाऱ्यासारखा चमकू लागला. दगडातील बेरियमचे भाजल्यामुळे बेरियम सल्फाइड बनले होते. येशूसंघाचे विद्वान धर्मगुरू अथानासियुस किर्खर यांनी प्रकाश व छाया यांवरील १६४६ च्या आपल्या ग्रंथात या दगडाची चर्चा केली आहे. पुढे जर्मनीत योहान हाइनरिश शुल्त्से असाच चमकणारा पदार्थ करावयास बसले, तो त्यांच्या भांड्यातील मिश्रण उजेडात चमकण्याऐवजी काळे पडले. त्यात चांदीचा अंश मिसळला होता. त्यांनी आपला शोध प्रसिद्ध केला तेव्हा थट्टेने त्या पदार्थाला प्रकाशवाहकाऐवजी अंधारवाहक असे नाव दिले. चांदीचा हा काळा पडण्याचा गुण म्हणजेच पुढील छायाचित्रणाचा पाया होय. तेव्हा चमकणारी पाटी आणि काळी पडणारी फिल्म या दोघी एकाच शोधातून निघालेल्या बहिणी आहेत, असे म्हणण्यास हरकत नाही.

निगेटिव्ह उलटी का दिसते, हे यावरून कळून येते. ज्या जागी अधिक उजेड पडतो त्या जागी फिल्मवर अधिक चांदी उरते आणि ती जागा काळी होते. कपाळावर ऊन, म्हणून कपाळ काळे. पदराखाली सावली, म्हणून तेथे फिल्म स्वच्छ पारदर्शक. निगेटिव्ह खोटे बोलत नाही. ती खरे तेच उलट्या भाषेत सांगते. १८९८ च्या मे महिन्यातील २८ तारखेच्या रात्री तुरीन येथे सेकोन्दो पिया या हौशी छायाचित्रकाराने तेथील प्रसिद्ध प्रेतवस्त्राचे छायाचित्र घेतले आणि काच रसायनात धुताना त्याला निगेटिव्हवरच एक सुलट, स्पष्ट मुखमंडल दिसले, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. १९८८ मधील कार्बन चाचणीने त्या वस्त्राचा काळ १२६० ते १३९० च्या दरम्यानचा ठरवला. ख्रिस्तसभेने मात्र त्याच्या अस्सलपणाविषयी कोणताही निवाडा दिलेला नाही. तो वाद येथे बाजूला ठेवू. उघड्या डोळ्यांना जे कळत नाही ते निगेटिव्हमध्ये कळून येऊ शकते, एवढेच आम्हास सांगावयाचे आहे.

आता अदृश्य प्रकाशाविषयी. १८०० मध्ये विल्यम हर्शेल यांनी सूर्याच्या वर्णपटात तांबड्या रंगाच्या पलीकडे तापमापक ठेवला आणि डोळ्यांना काहीच न दिसणाऱ्या त्या जागी पारा चढलेला पाहिला. हाच अवरक्त प्रकाश होय. दुसऱ्याच वर्षी योहान रिटर यांनी जांभळ्याच्या पलीकडील अतिनील प्रकाश शोधला, आणि तोही चांदीचे क्षार काळे पडतात या गुणाच्या आधारे. पुढे एदमाँ बेकेरेल यांनी सूर्याचा वर्णपट चमकणाऱ्या पदार्थांवर पाडून पाहिला. जांभळ्या व अतिनील टोकाकडे ते पदार्थ उजळत. तांबड्या व अवरक्त टोकाकडे आधीची चमकदेखील विझून जाई. १८८० च्या सुमारास अमेरिकेत जॉन विल्यम ड्रेपर यांनी अशा पाटीवर वर्णपटाचे चित्रच उमटवून घेतले होते.

हे घडते कसे? आमच्याकडील भाविकांच्या घरी पूर्वी अंधारात हिरवट चमकणारे क्रूस, जपमाळा आणि मरियामातेच्या लहान मूर्ती असत. त्यांच्या प्लास्टिकमध्ये झिंक सल्फाइडची भुकटी असे आणि त्या भुकटीत नाममात्र तांबे. उजेड पडला की भुकटीतील इलेक्ट्रॉन जागचे उठतात आणि त्यांतील काही वाटेतल्या बारीक खळग्यांत अडकून पडतात. अंधारात ते एकेक करून सुटतात आणि सुटताना थोडाथोडा प्रकाश देतात. याला शास्त्रात प्रस्फुरण म्हणतात. अशा पदार्थावर अवरक्त प्रकाश सोडला तर साठलेल्या ऊर्जेला प्रकाश न देताच उष्णतेच्या रूपाने निसटून जाण्याची वाट मिळते, आणि चमक वेळेआधीच विझते.

आता वाचकांनी अशी कल्पना करावी. एक पाटी सर्वांगी सारखी उजळली आहे. तिच्यावर निगेटिव्ह ठेवली आणि वरून अवरक्त प्रकाश सोडला. निगेटिव्ह जेथे स्वच्छ आहे तेथून अवरक्त आरपार जाईल आणि पाटी विझेल. जेथे चांदी दाट आहे तेथे तो अडेल आणि पाटी चमकत राहील. म्हणजे कपाळ, जे निगेटिव्हमध्ये काळे होते, ते पाटीवर उजळ दिसेल. पदराखालची सावली, जी पारदर्शक होती, ती काळी दिसेल. उलटी छबी सुलट झाली! कागद नको, रसायन नको, संगणक नको. विसाव्या शतकात विमानातून घेतलेल्या छायाचित्रांच्या छपाईसाठी याच तत्त्वावर चालणारी यंत्रे वापरली गेली. अतिनील प्रकाशाने उजळलेला पडदाच छपाईचा दिवा होई, आणि निगेटिव्हच्या पातळ भागातून आलेला अवरक्त त्या दिव्याला जागच्या जागी मंद करी. त्यामुळे फार काळे आणि फार पांढरे भाग सारख्या स्पष्टतेने छापले जात. आजही तालुक्याच्या गावातील एक्स-रे केंद्रात फिल्मऐवजी जी पाटी वापरतात, ती एक्स-किरणांची ऊर्जा साठवून ठेवते आणि तांबड्या लेसरने वाचली जाते. तेथे तांबडा उजेड साठा विझवत नाही, तर त्यातून प्रकाश सोडवून घेतो. पण हे भावंड त्याच घराण्यातील. एक्स-रे काढणाऱ्याच्या छातीवरील बिल्ल्यात तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या पद्धतीच्या चकत्या असतात. त्यांतील कॅल्शियम सल्फेट किरणांची आठवण धरून ठेवते आणि तापवल्यावर प्रकाशरूपाने ती सांगून टाकते. निर्जीव भुकटीला इतकी स्मरणशक्ती असावी, आणि आम्ही एका लेकीच्या स्मरणशक्तीवर शंका घ्यावी, हा विचार त्या दिवसांत आमची पाठ सोडीना.

प्रयोग मात्र सांगण्याइतका सोपा नव्हता. प्रथम आम्ही परभणीच्या बाजारातून, लोक ज्यांना रेडियमचे तारे म्हणतात ते चमकणारे तारे आणले. ते रात्रभर चमकले, पण त्यांवर काहीच उमटले नाही. त्यांत झिंक सल्फाइड नसून स्ट्रॉन्शियमचा नवा पदार्थ असतो आणि तो अवरक्ताला सहजी दाद देत नाही, हे नंतर ध्यानात आले. मग एका सिस्टरांनी त्यांच्या आईच्या उशाशी असलेली तळहाताएवढी जुनी चमकणारी पाटी आणून दिली. पुढील अंगावर पवित्र कुटुंबाचे उठावाचे चित्र होते; पाठ सपाट होती. हीच आम्हास हवी होती.

दुसरी अडचण दिव्याची. हल्लीच्या एलईडी बॅटऱ्यांतून अवरक्त प्रकाश जवळजवळ निघतच नाही. त्यासाठी तार तापणाऱ्या बल्बची जुनी बॅटरी शोधावी लागली. तिचा दिसणारा उजेड अडवून केवळ अवरक्त पुढे जाऊ देणारी गाळणी हवी होती. ती एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या मालकाकडे मिळाली. पूर्वी रंगीत रोल धुतल्यावर त्यांची काळीभोर टोके कापून टाकीत. तशा दोन टोकांचे तुकडे आम्ही बॅटरीच्या काचेवर एकावर एक बसवले. डोळ्यांना अंधार झाला. पण रंगीत फिल्मच्या रंगद्रव्यांना अवरक्त अडवता येत नाही, त्यामुळे तो पलीकडे निघत होता. रंगीत निगेटिव्ह या प्रयोगाला निरुपयोगी ठरते ती याच कारणाने. अक्काच्या आईची फिल्म कृष्णधवल, चांदीची होती, म्हणूनच हे शक्य होते. गरिबाघरची चांदी म्हणून आम्ही तिच्याकडे पाहू लागलो.

जानेवारीतील एका संध्याकाळी आम्ही साहित्य घेऊन वाडीवर गेलो. अक्काच्या घराची खिडकी पोत्याने झाकली. आत अक्का, तिचा धाकटा मुलगा, सून आणि शेजारची दोन लेकरे. काय करणार आहोत ते आम्ही आधी नीट समजावून सांगितले आणि प्रत्येक वस्तू तिच्या हातात दिली. “अक्का, यात मोबाइल नाही. ही फिल्म त्या दिवशी बांधावर तुमच्या आईसमोर होती. आईच्या अंगावरून आलेले ऊन हिच्यावर पडले आहे. आता ही फिल्म पाटीला टेकवणार. मध्ये कोणी नाही.”

किराणा दुकानदाराकडून मागून आणलेला, नोटा तपासण्याचा जांभळा दिवा आम्ही पाटीच्या पाठीवर धरला. दिवा काढताच पाटी हिरवी उजळली. तिच्यावर निगेटिव्ह ठेवली, वर स्वच्छ काच दाबली आणि गाळणी लावलेली बॅटरी वीतभर उंचीवर धरली. काहीच दिसत नव्हते. “पेटलीय का?” एका लेकराने विचारले. वेळ मोजण्यासाठी आम्ही जपमाळेचे एक दशक म्हणू लागलो. अंधारात सर्वांनी साथ दिली. दशक संपले. आम्ही बॅटरी विझवली, काच आणि फिल्म उचलली.

पाटीवर चार बाया उभ्या होत्या. छबी अंधुक होती. कडा पसरट होत्या आणि नाकडोळे जेमतेम ओळखू येत होते. पण आभाळ उजळ होते, केस काळे होते, आणि डोक्यावरच्या पाट्यांच्या सावल्या त्यांच्या चेहऱ्यांवर सावल्यांसारख्याच पडल्या होत्या. अक्का पुढे सरकली. तिने पाटी दोन्ही हातांत घेतली आणि डोळ्यांजवळ नेली. बराच वेळ कोणी बोलले नाही.

“ही,” ती डावीकडून दुसऱ्या बाईवर बोट ठेवून म्हणाली. “डावा खांदा बघा कसा पडलाय. पाटी वाहून वाहून तसाच झाला व्हता तिचा. आन् मूठ कमरेवर. कुनी बोलाया लागलं की अशीच मूठ ठिवून उभी ऱ्हायची.” मग आवाज खाली आणून ती पाटीशीच बोलली, “आलीस का गं माय.”

तीन-चार मिनिटांत छबी फिकी होत गेली आणि पाटी अंधारात मिसळली. लेकरांनी पुन्हा करा म्हणून हट्ट धरला. अक्का म्हणाली, “राहू द्या. दिसली.”

पुढचे काम साधे होते. अक्काच्या संमतीने आम्ही ती निगेटिव्ह परभणीला एका छायाचित्रकाराकडे नेली. त्याने ती यंत्रावर नीट वाचून घेतली आणि आमच्या सांगण्याप्रमाणे एकही सुरकुती न पुसता कागदावर छापून दिली. संगणकाशी आमचे वैर नाही. जे आहे ते त्याने दाखवावे, एवढेच मागणे होते. छापील चित्रात चेहरा स्पष्ट आला. कपाळावर आणि गालांवर देवीचे व्रण होते. १९७५ नंतर भारतातून नाहीशा झालेल्या त्या रोगाने दिलेली ती खूण सोनेरी चौकटीतल्या नितळ चेहऱ्यावर कोठेच नव्हती. कानाची पाळी फाटलेली होती. ती बाई हसत नव्हती. मे महिन्याच्या उन्हात डोक्यावर पाटी घेऊन कोण हसेल? तिचे वय तेव्हा तिशीच्या आसपास असावे. अक्काच्या मुलाने पुढच्या खेपेस आल्यावर ते चित्र पाहिले. तो काही वेळ गप्प बसला. मग त्याने स्वतःच भिंतीवरची तसबीर उतरवली, मागचे खिळे काढले, आतले चित्र बाहेर घेतले आणि त्याच सोनेरी चौकटीत हे चित्र बसवले. चौकट महाग होती, ती टाकून देण्याचे कारण नव्हते. “आजी माझ्यापेक्षा लहान दिसते, फादर,” तो म्हणाला. त्याचे वय पस्तीस आहे.

आम्ही पुन्हा पवित्र पाणी शिंपडले. त्याआधी मात्र सर्वांसमक्ष आम्ही अक्काला म्हणालो, “अक्का, त्या दिवशी आमचे चुकले. तुम्ही खरे सांगत होता आणि आम्ही ऐकले नाही.”

अक्का संकोचली. ती म्हणाली, “तुमी तरी काय करनार, फादर. तुमी तिला पाह्यलं नव्हतं.”

हे वाक्य तिने आमची समजूत घालण्यासाठी उच्चारले, परंतु आम्हास त्यात आमच्या चुकीचे नेमके निदान सापडले. आम्ही पाहिले नव्हते, आणि जिने पाहिले होते तिची साक्ष आम्ही नाकारली. दरवर्षी पुनरुत्थानाच्या सणाला आम्ही वेदीवरून सांगत आलो आहोत की रिकाम्या कबरीची वार्ता प्रथम स्त्रियांनी आणली आणि प्रेषितांना ते बोलणे बाष्कळ वाटले. ते सांगताना आमच्या सुरात प्रेषितांविषयी किंचित उपहासही असे; आपण त्यांच्या जागी असतो तर असे वागलो नसतो, असा काहीसा भाव. उंबऱ्याशी बसलेल्या एका स्त्रीने अगदी साध्या शब्दांत सत्य सांगितले, तेव्हा आम्ही चहाचा कप हातात घेऊन तिला स्मरणशक्तीचे धडे देत होतो. यंदा पुनरुत्थानाच्या प्रवचनात तो उपहासाचा सूर आम्हास लावता आला नाही.

मिशनमधील त्या डब्यात आणखी बरीच पाकिटे आहेत. प्रत्येकावर गावाचे नाव आहे. दर रविवारी मिस्सेनंतर आम्ही एकेक पाकीट उघडतो, त्या गावचे वृद्ध लोक जमतात, आणि ज्याला जो चेहरा ओळखू येतो त्याचे नाव आम्ही वहीत लिहून घेतो. कोणी एखादा चेहरा आपल्या माणसाचा नाही म्हणाले, तर आम्ही तेही लिहितो. सिस्टरांची पाटी त्यांना परत करावयास गेलो तेव्हा त्यांनी ती आमच्याकडेच राहू दिली. रात्री दिवा मालवल्यावर ती टेबलावर काही वेळ हिरवट चमकत राहते आणि मग, कोणी न विझवता, आपोआप विझते.